कडूबाचं धोतर

कडूबा आपलं धोतर आपल्या हातानं धुवायचा. यात सांगण्यासारखं काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झालेली, मोताळ्यापासून दोन कोसांवरचं शे-दीडशे घरांचं गाव, आणि त्या गावात जेवलेलं ताट उचलून बाजूला ठेवणारा पुरुष औषधालाही सापडायचा नाही. तिथं हा बाबा तांबडं फुटायच्या आत नाल्यावर जाणार, धोतर धुणार, पिळणार, बाभळीवर वाळत घालणार आणि दिवस उगवायला घरी हजर. बायकांनी हा विषय चघळला नसता तरच नवल.

"झुंबरे, तुह्या नवऱ्याले आमचेही दोन लुगडे देत जाय न वं धुवाले," शेजारची सोजराबाई म्हणायची.

"तुह्या नवऱ्याले तं अंघोळीचं पाणीही हातात द्या लागते. तू तेच देत बस," झुंबरबाई वरवर फणकारायची आणि आतून फुलायची.

तिच्या फुलण्याला कारण होतं. तिचा बाप, कारभारी नावाचा, हातभट्टीच्या नादानं मेला. एका दिवसात मेला असता तर बरं, दोन वर्षं मरत होता. हातपाय काड्यांसारखे आणि पोट नगाऱ्यासारखं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्या पोटावर हात ठेवून "लिव्हर गेलं" म्हटलं, आणि ते दोन शब्द बारा वर्षांच्या झुंबरच्या कानात जे जाऊन बसले ते बसलेच. पुढं सोळाव्या वर्षी कडूबाच्या घरची माणसं धामणगाव बढ्याला तिला पाहायला आली. सगळं जुळलं, सुपारी फुटायची तेवढी राहिली, तेव्हा ही पोरगी आतून उठून भर बैठकीत आली आणि म्हणाली, "नवरदेवानं बेलभंडार उचलावा. दारूले शिवणार नाही म्हणून."

मुलीनं अट घालायची, तीही स्वतःच्या तोंडानं! कडूबाचा बाप तर पागोटं सावरून उठायच्याच बेतात होता. पण कडूबा हसला. वीस वर्षांचा, शिडशिडीत पोरगा. त्यानं देवापुढचं बेलाचं पान तळहातावर घेतलं, त्यावर भंडाऱ्याची चिमूट ठेवली आणि साऱ्यांदेखत शपथ घेतली. मग म्हणाला, "मी उचलला. आता इनंही उचलावा, भाजीत तिखट बेतानं टाकीन म्हणून." लोक खो खो हसले आणि सुपारी फुटली.

त्याला चौदा वर्षं झाली. दोन एकर ओलीत, विहिरीवर मोट, वांगी, कांदे, मिरची, आणि मेथी अशी की कडूबानं बांधलेली जुडी मोताळ्याच्या बाजारात लांबून ओळखू यायची. घरात दहा वर्षांची रुख्मिणी. सगळं कसं नीट होतं. फक्त गेल्या पाच-सहा वर्षांत कडूबा वाळत चालला होता. मुळातच अंगानं किडकिडीत, त्यात गालफडं बसली, बंडीतून हाडं मोजता यावीत अशी गत झाली.

"पोटाले हलकं दे काही," तो म्हणायचा. वरण खाल्लं की पोट दुखतं म्हणून वरण सुटलं. दूध सुटलं. भाकर सुटली. राहिली भाताची पेज, साबुदाण्याची खीर आणि साखरेचं पाणी. तिखट तर झुंबरबाईनं केव्हाच बंद केलं होतं. खिरीत ती मूठभर साखर जास्तीची टाकायची. नवऱ्यावर माया करायची तर आणखी कशी करायची, हे तिला तरी कोणी शिकवलं होतं?

त्या वर्षी पौषातल्या बाजारात कडूबा मेथीच्या ढिगावर कोसळला. तोंडावर पाणी मारलं तरी डोळे उघडेनात. गिऱ्हाइकांपैकी दोघांनी त्याला उचललं आणि बाजारपेठेतल्या टाले डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन बाकावर ठेवलं. मागून झुंबरबाई धावत, तिच्यामागून बाजाराला आलेली सोजराबाई, आणि दारात हां हां म्हणता दहा माणसं.

टाले डॉक्टर तरुण होते, नागपुराहून शिकून नुकतेच आलेले. कडूबा शुद्धीवर आल्यावर त्यांनी त्याचं पोट दाबून पाहिलं. उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली, श्वास घ्यायला लावला, पुन्हा रुतवली.

"लिव्हर चांगलं दोन बोटं खाली आलंय," ते म्हणाले. "दारू किती वर्षं घेता?"

कडूबानं एकदा झुंबरबाईकडं पाहिलं, एकदा दारातल्या गर्दीकडं, आणि मान खाली घातली.

"नाही घेत," तो पुटपुटला.

"मग पोटाचं काही? जुलाब? आव? रक्त पडतं का?"

"नाही," तो म्हणाला. अगदी त्याच आवाजात.

डॉक्टरांनी खांदे उडवले. "अंगावर मांस नाही आणि लिव्हर एवढं मोठं. मी तरी हे पिणाऱ्यांच्यातच पाहिलंय. औषध देतो, पण आधी ती बंद करा."

सोजराबाई काही वाईट बाई नव्हती. फक्त पोटात गोष्ट ठेवायची तिला सवय नव्हती. बैलगाड्या गावात शिरल्या तेव्हा बातमी त्यांच्याही पुढं पोचली होती. नाल्याच्या वरच्या अंगाला उकंडरावाची हातभट्टी लागते, हे पोलीस सोडून साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. आणि कडूबा रोज पहाटे त्याच नाल्यावर जातो, हेही साऱ्यांना ठाऊक होतं. आता दोहोंची सांगड घालायला कितीसा वेळ लागतो! धोतर धुतो म्हणे. अहो, वास मारत असेल म्हणून धुतो!

झुंबरबाईला गावाचं काही वाटलं नसतं. पण तीच सांगड तिच्याही डोक्यात बसत चालली होती, आणि याचाच तिला भारी संताप आला. पहाटे उठून जाणं. लग्नाकार्यात पंगतीला न बसणं. कुठं होता विचारलं की "वावरात" म्हणणं. वाळलेले हातपाय. आणि आता ते लिव्हर. बारा वर्षांच्या पोरीनं जे जे पाहिलं होतं ते सगळं पुन्हा दारात येऊन उभं राहिलं होतं.

दिवेलागणीला तिनं त्याच्यापुढं खिरीची वाटी ठेवली आणि समोर बसली.

"बेलभंडार उचलला होता तुमी."

"मी पेलो नाही, झुंबर."

"मग पाहाटे कुठी जाता?"

कडूबा वाटीत बघत राहिला.

"सांगा न. सापाची भीती नाही, थंडीची नाही, रोज उठून नाल्यावर काऊन जाता? धोतर काऊन धुता? मी मेली का घरात?"

खिरीवर साय धरली तरी वाटी तशीच होती. झुंबरबाई उठली. लुगड्याच्या घडीत रुख्मिणीचे दोन परकर बांधून गाठोडं तिनं कोपऱ्यात ठेवलं.

"उद्या मी पोरीले घेऊन धामणगावले जाऊन राह्यली," ती म्हणाली. "दारुड्याच्या घरात मी एकडाव वाढली. आता पोरीले नाही वाढू देत."

असं म्हणाली खरी, पण पहाटे कडी वाजली तेव्हा तीही जागीच होती. डोक्यावर घोंगडी घेऊन ती त्याच्यामागं निघाली. रंगेहाथ पकडायचं, उकंडरावालाही चार शब्द सुनवायचे आणि मगच धामणगावची वाट धरायची, असं तिनं ठरवलं होतं.

नाल्याशी आल्यावर वाट दोन अंगांना फुटत होती. वर गेलं की भट्टी. झुंबरबाई श्वास रोखून उभी राहिली. कडूबा खाली वळला, निर्गुडीच्या झुडपांकडं. पोट दोन्ही हातांनी आवळून, जवळजवळ धावत. झुंबरबाई लाजून मागं सरली. माणूस परसाकडं आला आहे आणि आपण त्याच्या पाळतीवर! पण तेवढ्यात त्याचं कण्हणं ऐकू आलं. बाळंतपणात ती स्वतः कण्हली होती तसं, दात आवळून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. ते कितीतरी वेळ चाललं, थांबलं, पुन्हा चाललं.

मग तो पाण्याशी आला आणि दगडावर धोतर पसरलं. पूर्वेला उजाडलं होतं. झुंबरबाईला आता राहवेना. ती सरळ खाली उतरली आणि त्याच्या हातातून धोतर ओढून घेतलं.

रक्त होतं. ताजं, आवेत कालवलेलं, आणि खाली जुने, न निघालेले पिवळट डाग, थरावर थर.

एक क्षण, फक्त एकच क्षण, तिला इतका आनंद झाला की हसू फुटतंय की काय असं वाटलं. पेला नाही. माझा नवरा पेला नाही! आणि दुसऱ्याच क्षणी ती मटकन दगडावर बसली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"सहा वर्सं झाले. येते, जाते. कधी दोन-दोन मैने काहीच नाही. मंग पुन्हा दिवसातून धा-बारा डाव."

"आन् मले सांगतलं नाही?"

"तुले सांगतलं असतं तं तू रडली असती. सोजराबाईनं काऊन रडते म्हणून इचारलं असतं." कडूबा पाण्याकडं बघत म्हणाला. "झुंबर, मी भाजी इकतो. या हातानं जुड्या बांधतो. कडूबाले रक्ती आव हाये, हे एकडाव बाजारात झालं, की कोण घेईन माह्या हातची मेथी? दारुड्याच्या हातची घेतात लोक. हागऱ्याच्या हातची नाही घेत."

"म्हणून डाक्टरलेही नाही म्हटलं?"

"दारात अर्धा बाजार उभा होता."

झुंबरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. त्याच्यासाठी की स्वतःसाठी, तिलाच कळेना. मग उठली, धोतर स्वतःच्या हातानं धुतलं आणि घरी येऊन गाठोडं सोडलं. परकर बाहेर काढले आणि त्यात नवऱ्याचे कपडे बांधले. दिवस डोक्यावर यायच्या आत दोघं टाले डॉक्टरांच्या दवाखान्यात होती. या खेपेला झुंबरबाईनं आधी दार लावून घेतलं.

सगळं ऐकून टाले डॉक्टर उठून उभेच राहिले. "अहो, मग कालच का नाही सांगितलं!" म्हणाले, आणि लगेच खजील झाले. "चूक माझीही आहे म्हणा. दारात माणसं ठेवून मी हे विचारायला नको होतं." त्यांनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आपल्याला शिकवलेल्या बाईंच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. रुख्मिणीला आजीकडं पोचवून नवराबायको मलकापूरला आगगाडीत बसली.

दवाखान्यात महिना गेला. मोठ्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या, बोलायला फटकळ. त्यांनी नळी घालून पाहिलं. आतड्याला शेवटच्या भागात जखमा आहेत, जुन्या आहेत, पण हा पटकीसारखा एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग नव्हे, असं त्यांनी सांगितलं. झुंबरबाईनं ते तीनदा वदवून घेतलं.

"लागत नाही?"

"नाही लागत."

"भाजीतूनही नाही?"

"बाई, यांचं दुखणं यांच्या आतड्याचं आहे. मेथीतून ते कोणाच्या घरी जात नाही. हात धुवायचे, ते सगळ्यांनीच धुवायचे."

मग लिव्हरची पाळी आली. बरगड्यांमधून लांब सुई घालून त्यांनी एक बारीकसा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. चार दिवसांनी बाईंच्या हाताखालचा एक शिकाऊ डॉक्टर कागद घेऊन आला. त्याला आपलं ज्ञान दाखवायची घाई झाली होती.

"लिव्हरमध्ये चरबी भरलीय," तो म्हणाला. "पेताड माणसाचं अगदी असंच दिसतं. हे काहीही सांगोत, सुई खोटं बोलत नाही."

खाटेवर कडूबानं डोळे मिटून घेतले. झुंबरबाई त्याच्याकडं बघत राहिली. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तिच्या मनात पुन्हा किडा वळवळला. रक्त खरं असेल, पण म्हणून दारू खोटी कशावरून? माणसाला दोन दोन लपवाछपव्या करता येत नाहीत का? सहा वर्षं एक गोष्ट लपवली तशी दुसरी कशावरून नाही?

मोठ्या बाई आल्या तेव्हा ती त्यांची वाट अडवूनच उभी राहिली. "बाई, याच्या अंगावर चिमटीत धराले चरबी नाही. आन् आत चरबी? हे कसं होते? दारूच असन न?"

बाई शेजारच्या स्टुलावर बसल्या. "हे खातात काय?"

झुंबरबाईनं सांगितलं. पेज, साबुदाणा, साखर.

"वरण? दूध? दही?"

"सहा वर्सांत नाही."

"म्हणजे माणूस सहा वर्षं उपाशी आहे," बाई म्हणाल्या. "पोट भरलेला उपाशी. आतडं सुजलेलं, खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्तातून कस निघून जातो, आणि वर नुसती साखर. तुम्ही भाजीवाले ना? बाजारात वांग्यांच्या पाट्यांवर पाट्या येऊन पडल्या आणि पुढं न्यायला गाडीच नाही, तर काय होतं?"

"तिथंच ढीग लागते," कडूबा डोळे न उघडता म्हणाला.

"तसाच तुमच्या लिव्हरमध्ये चरबीचा ढीग लागलाय. तिला पुढं न्यायला डाळीतला, दह्यातला, अंड्यातला कस लागतो, तो तुमच्याकडं नाही. आतड्याच्या अशा दुखण्यात किडकिडीत माणसांचंही लिव्हर असं चरबीनं भरतं. मी पाहिलंय."

"पण दारूनंही भरते," झुंबरबाई म्हणाली.

"दारूनंही भरतं."

"मग हे कायचं हाये?"

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "ते सुईला कळत नाही. काचेखाली दोन्ही सारखीच दिसतात. मला कागदावर लिहायचंय, दारू घेतात की नाही. हे नाही म्हणतात. पण यांनी जुलाबालाही नाही म्हटलं होतं, हे टाल्यानं चिठ्ठीत लिहिलंय. तेव्हा मी यांना विचारत नाही, तुम्हाला विचारते. चौदा वर्षं तुम्ही यांच्याजवळ आहात. काय लिहू?"

वॉर्डात भांडी वाजत होती, कोणाचं तरी पोर रडत होतं. झुंबरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आता त्याचे डोळे उघडे होते आणि ते तिच्यावर लागले होते. त्यात विनवणी नव्हती, भीती होती. सहा वर्षं तो बाजाराला भ्याला होता तेवढीच, त्याहून जास्तच.

तिला बापाचा वास आठवला. अंघोळीनंतरही घामातून येणारा, गोधडीला लागलेला, मेल्यावरही महिनाभर घरातून न गेलेला. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती झोपेतही नवऱ्याच्या अंगाला नाक लावून वास घ्यायची. त्याला कधी सांगितलं नव्हतं. मातीचा वास यायचा, मेथीचा यायचा, अलीकडं आजाराचा आंबूस वासही यायचा. बापाचा तो वास मात्र कधीच आला नव्हता. डॉक्टरला सुई असेल, पण तिच्याकडं हे नाक होतं, आणि या सगळ्या घोळात ते तिनं एकदाही विचारात घेतलं नव्हतं.

"नाही म्हणून लिहा," ती म्हणाली. "दारुड्याच्या घरात मी वाढली, बाई. मले वास कळते. हा माणूस पेला नाही."

बाईंनी लिहिलं. कडूबानं कूस बदलली आणि तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. पांघरूण कितीतरी वेळ हलत होतं. झुंबरबाईनं त्याला रडू दिलं.

फाल्गुनात दोघं गावी परत आली. बरोबर पिवळ्या गोळ्यांची बाटली आणि खाण्याची यादी. मुगाचं घट्ट वरण, ताजं दही, आणि रोज दोन अंडी. अंड्यांवरून घरात रामायण झालं. कडूबाच्या घरी अंडं कधी शिवलेलं नव्हतं. शेवटी झुंबरबाईनं अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली, अंडी उकडायला वेगळं जर्मलचं भगुणं आणलं आणि रुख्मिणीला पहाऱ्यावर बसवलं. कडूबा डोळे मिटून, नाक दाबून अंडं गिळायचा आणि वर "हे औषध हाये, हे औषध हाये" असं पुटपुटायचा. महिनाभरानं नाक दाबणं बंद झालं. पुढच्या महिन्यात त्यानं मीठ मागितलं.

पण अंड्यांची टरफलं उकिरड्यावर पडायला लागली आणि सोजराबाईला ती दिसली. "आता तं वर चाखनाही सुरू झाला बाप्पा!" ती नाल्याच्या पाणवठ्यावर म्हणाली, आणि ते फिरत फिरत झुंबरबाईपर्यंत आलं.

"म्हणू दे," कडूबा म्हणाला. "भाजी इकून राह्यली न आपली? दारुड्या तं दारुड्या."

"तुमाले चालते. मले नाही चालत." झुंबरबाईचा आवाज चढला. "लहानपणी 'कारभारी दारुड्याची पोरगी' म्हणून हाक मारे सारं गाव. आता 'कडूबा दारुड्याची बायको'? तुमी पेले असते तं गोठ वेगळी होती. न पेता हे नाव मी घेत नाही."

"मग काय सांगशीन लोकाईले? हागवण?"

"हाव. तेच."

दुसऱ्या दिवशी तिनं दोरीवरचं त्याचं मळकं धोतर उचललं. कडूबानं दुसरं टोक धरलं. औषधानं बराच उतार होता, रक्तही कमी झालं होतं, पण डाग होते. दोघं धोतर धरून उभी राहिली. तिनं ओढलं नाही. थोड्या वेळानं त्यानंच हात सैल केला.

पहाटे नव्हे, चांगली उन्हं वर आल्यावर, पाणवठ्यावर आठ-दहा बायका असताना झुंबरबाई तिथं गेली. मधला दगड धरला आणि धोतर त्यावर डागांसकट पसरलं. बायकांचे हात थांबले.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "हे रक्त हाये. आतड्यातून पडते. सहा वर्सं झाले पडून राह्यलं. याच्यासाठी तो पाहाटे येत होता, याच्यासाठी धोतर धूत होता. दारू नाही. लिव्हरात चरबी झाली ती या दुखण्यानं आन् माह्या साबुदाण्यानं. नागपूरच्या डाक्टरीणबाईनं सांगतलं. आन् हे कोणाले लागत नाही, हेही सांगतलं. आता कोणाले भाजी घ्यायची घ्या, नाही घ्यायची नका घेऊ."

ती खाली बसून धोतर घासू लागली. पलीकडच्या दोघी आपलं धुणं उचलून वरच्या अंगाला सरकल्या. तेवढ्यात कोणीतरी शेजारी येऊन बसलं. सोजराबाई होती. तिनं आपल्या जवळची साबणाची वडी झुंबरबाईच्या पुढं ठेवली आणि धोतराचं दुसरं टोक पाण्यात धरलं.

"माहा भाऊ असाच गेला वं," ती हलक्या आवाजात म्हणाली. एवढ्या हलक्या आवाजात सोजराबाईला बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. "रक्तानं गेला. आमी कोणालेच सांगतलं नाही. भावजयीलेही नाही." आणि मग दोघींनी मिळून ते धोतर पिळलं.

त्या आठवड्याच्या बाजारात कडूबाच्या ढिगाला दुपारपर्यंत कोणी हात लावला नाही. ओळखीची गिऱ्हाइकं मान वळवून पुढं जात होती. मेथी माना टाकायला लागली. कडूबा पुन्हा पुन्हा तिच्यावर पाणी शिंपडत होता. झुंबरबाईला वाटलं, आपण चुकलो, याचा जीव वाचवला आणि पोट मारलं. तेवढ्यात सोजराबाई आली, आली ती टाले डॉक्टरांना जवळजवळ हाताला धरूनच. डॉक्टरांनी भर रस्त्यात चार जुड्या निवडल्या, त्यातल्या एकीचं पान तोडून तोंडात टाकलं आणि उद्याही घरी मेथीच करायची आहे असं मोठ्यानं सांगून टाकलं. सोजराबाईनं सहा जुड्या घेतल्या. तिच्या घरी खाणारी माणसं तीन. एवढी मेथी घेऊन काय करणार असं कोणी विचारलं, तर ती म्हणाली, "सुकवीन. तुले काय कराचं?" आणि विचारणारीच्याही पाटीत दोन टाकल्या.

सगळी गिऱ्हाइकं एकदम परत आली असं नाही. काही आलीच नाहीत. पण आषाढापर्यंत ढीग पुन्हा दुपारच्या आत संपायला लागला.

पोळ्याच्या आधी दोघं नागपूरला दाखवायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बरगडीखाली बोटं रुतवली, श्वास घ्यायला लावला, पुन्हा रुतवली. "लिव्हर आता हाताला लागत नाही," म्हणाल्या. वजन नऊ शेर वाढलं होतं. दुखणं पुन्हा उसळू शकतं, गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि लपवायचं तर मुळीच नाही, असं त्यांनी बजावलं. कडूबा म्हणाला, "आता कुठी लपवू बाई? आमच्या इकडं साऱ्या बायाईले माहं पोट तुमच्यापेक्षा जास्त माहीत झालं."

परत आल्यावर एका सकाळी झुंबरबाई पाणवठ्यावर गेली. धोतर दगडावर पसरलं, नेहमीच्या जागी साबण लावायला हात नेला, आणि थांबली. उलटून पाहिलं. पुन्हा सुलटं करून उजेडाकडं धरलं.

"काय शोधून राह्यली वं?" सोजराबाईनं विचारलं.

"डाग," झुंबरबाई म्हणाली. "सापडून नाही राह्यला."

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. सोजराबाईनं धोतर तिच्या हातातून घेतलं, स्वतः एकदा उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "मग कायले धुते? सांग तुह्या नवऱ्याले, आता आमचे लुगडे धुवाले घे म्हणा."